एकसष्टावं मूल

मे महिना संपत आला की उन्हं कलल्यावर वस्तीवर एक मोटरसायकल येते. पुढे गुरुजी, मागे बाई, बाईंच्या मांडीवर वही. ओट्यावर घोंगडी टाकली जाते, पाण्याचा तांब्या येतो, पावसापाण्याचं बोलणं होतं आणि मग बाई सहज विचारल्यासारखं विचारतात, "धाकटीला सहावं लागलं ना हो? मग यंदा पहिलीत घालताय ना?" आजी सुनेकडे बघते, सून रस्त्याकडे. कारण सकाळीच तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा माणूस येऊन गेलेला असतो आणि त्याचं रंगीत पत्रक अजून खिडकीच्या गजात खोचलेलं असतं. थोरल्याला आठवीत न्यायला दोन हायस्कुलांचे सर येऊन गेले ते वेगळेच. एक म्हणाला दप्तर देतो, दुसरा म्हणाला रिक्षाचं भाडं आमच्याकडे लागलं.

शाळांबद्दल बोलायला कुठेही गेलो तरी शेवटी कुणीतरी विचारतंच, "सरकारी पगार घेणारे गुरुजी भर सुट्टीत पोरं गोळा करत का हिंडतात? चांगलं शिकवलं तर पोरं आपसूक येणार नाहीत का?" प्रश्नात टोमणा असतो. टोमणा बाजूला ठेवून उत्तर शोधायला बसलं की आपण वर्गातून निघून थेट मंत्रालयात पोचतो.

१. यादी आणि पंगत

शाळेच्या कारभारात दोन आकडे असतात आणि बाहेरच्या माणसाची त्यांत नेहमी गल्लत होते. एक पट, दुसरी हजेरी. लग्नघर डोळ्यांसमोर आणा. आमंत्रणाची यादी म्हणजे पट, पंगतीला बसलेली माणसं म्हणजे हजेरी. भात किती वाढायचा ते पंगत बघून ठरतं. पण मांडव केवढा घालायचा आणि आचारी किती बोलवायचे, हे यादीवरून आणि आधीच ठरवावं लागतं. शाळेत दुपारची खिचडी हजेरीवर शिजते. शिक्षक किती आणि मुख्याध्यापकाचं पद आहे की नाही, हे मात्र पटावर ठरतं.

कोणत्या दिवशीचा पट? साधारणपणे ३० सप्टेंबरचा. त्या पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशेब होतो. त्या हिशेबाला 'संच मान्यता' असं रुक्ष नाव आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हे दोन शब्द क्वचितच येतात, पण शिक्षकांच्या खोलीत हवापाण्याइतकेच बोलले जातात.

तारखेचीही एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही इतकी कडू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन फडावर निघतात आणि अनेकदा लेकरंही बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. म्हणजे ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला, पट खरा, कुठेही लबाडी नाही. आणि पुढे गाळप हंगाम संपेपर्यंत अर्धी बाकं रिकामी. उलटी तऱ्हाही आहे. पटाला आधारची जोड दिल्यापासून नावातलं एखादं अक्षर किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर समोर पाढे म्हणत बसलेलं मूल संच मान्यतेच्या हिशेबातून गळू शकतं. एक मूल यादीत आहे पण पंगतीत नाही, दुसरं पंगतीत आहे पण यादीत नाही.

२. तक्त्यातली पायरी

आता मुख्य गणित. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात पहिली ते पाचवीसाठी साधा तक्ता आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार.

समजा एका गावातल्या पाचवीपर्यंतच्या शाळेचा पट ६१ आहे. तक्त्याप्रमाणे तीन शिक्षक. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, तिसऱ्याकडे पाचवी आणि मुख्याध्यापकाचा कारभार. जूनमध्ये एक कुटुंब कामासाठी चाकणला गेलं, सोबत त्यांची मुलगी. पट ६०. कमी झालं एकच मूल, पण तक्त्यात शाळा एक पायरी खाली आली. तिसरं पद गेलं. त्या पदावरच्या बाई 'अतिरिक्त' ठरल्या. आता त्यांचं 'समायोजन' होणार, म्हणजे जिथे जागा रिकामी तिथे पाठवणी. उरलेल्या दोघांकडे पाच वर्ग आणि साठ मुलं. शिवाय तेच दोघे निवडणुकीला, जनगणनेला आणि आपत्तीच्या कामाला. कायद्याच्या २७व्या कलमाने तेवढी कामं शिक्षकांकडून करून घ्यायला मोकळीक ठेवली आहे. एक जण पंचायत समितीत बैठकीला गेला की दुसऱ्याच्या पुढ्यात पाचही वर्ग. हे बघून आणखी चार पालक पिवळ्या बसकडे वळतात.

गेलेल्या एका मुलीमुळे राहिलेल्या साठ मुलांचं शिकणं पातळ झालं, आणि त्या घरांपैकी कुणीही काही वावगं केलेलं नाही. ओट्यावर आलेल्या बाईंना वहीत एक नाव हवं असतं ते यासाठी. ते एकसष्टावं मूल म्हणजे त्यांची नोकरी नव्हे, नोकरी कायम आहे. ते त्यांचं गाव आहे, घरापासूनचं अंतर आहे आणि बऱ्याचदा उरलेल्या साठांची काळजीही आहे.

राज्य सरकार या तक्त्यावर शासन निर्णयांनी आपल्या अटी चढवत असतं. १५ मार्च २०२४च्या संच मान्यतेच्या निर्णयाने असाच गहजब झाला. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या आत असेल तर शिक्षकच मिळणार नाही, या धास्तीने त्या सप्टेंबरात राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले.

३. दंड कुणाला?

पट हा आकडा एवढा मोठा का झाला, हे इतिहासात बघावं लागतं. एके काळी मूल शाळेत येणं हीच लढाई होती. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. रयतेच्या घामातून सारा आणि पट्टी गोळा होते आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यातला आरोप. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी पट वाढणं म्हणजे खरोखरच कुणाचं तरी गुरांमागचं मूल पाटीपर्यंत येणं होतं.

या दोन काळांत एक उलटापालट झाली आहे. १९१७ला कर्तव्य पालकाचं होतं आणि दंडही त्यालाच. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने आणि तिच्या आधारे १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा तो हक्क ठरला, आणि हक्क म्हटला की देणेकरी सरकार. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं अंतरही नियमांत आलं.

आज महाराष्ट्रात या वयाची बहुतेक सगळी मुलं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर आहेत. त्यामुळे एका शाळेचा पट वाढायचा तर दुसरीचा घटायलाच हवा. विहीर तीच, पाणी तेवढंच, मोटा मात्र चार. याच ओढाताणीत फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने नियम बदलून सांगितलं, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेने शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. सरकारी शाळा ओस पडू नयेत हे कारण पुढे होतंच. अशा प्रत्येक मुलामागे खासगी शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागे, हे कारण जरा मागे उभं होतं. १९ जुलै २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

४. बोटावरची शाई

जिथे एका नावाला एवढी किंमत, तिथे खोटी नावं येणारच. ऑक्टोबर २०११च्या ३, ४ आणि ५ तारखांना महाराष्ट्रात एक विलक्षण मोजणी झाली. आधी नांदेड जिल्ह्यात पट तपासताना घबाड सापडलं होतं. मग सरकारने राज्यभर एकाच वेळी तपासणी लावली. महसूल खात्याची आणि इतर खात्यांची माणसं शाळाशाळांत शिरली. एकच मूल सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. मतदानाचं वय यायला दहा वर्षं बाकी असलेली पोरं शाईचं बोट एकमेकांना दाखवत घरी गेली.

कागदावरची लाखो मुलं त्या तीन दिवसांत जागेवर सापडली नाहीत. काही आजारी असतील, काही गावाला. पण निम्म्याहून जास्त पट गायब असलेल्या शाळांचं काय? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, गुन्हे नोंदवण्याचे आदेश झाले, वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या. मला यात सगळ्यांत बोलकी वाटते ती गोष्ट अशी, की ही नावं कुणी चोरून लिहिली नव्हती. दर महिन्याला ती हजेरीपटावर येत होती, केंद्रप्रमुखाच्या डोळ्यांखालून जात होती, तालुक्याच्या बेरजेत मिसळत होती. बेरीज मोठी असण्यात साखळीतल्या प्रत्येकाचा थोडा थोडा फायदा होता आणि ती लहान असण्यात कुणाचाच नव्हता.

त्यानंतर सगळं संगणकावर आलं. विद्यार्थ्यांसाठी 'सरल', पगारासाठी 'शालार्थ'. आणि २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघडकीला आला. आधी मुलं कागदावरची होती, आता शिक्षकही.

५. एका विशेषणाची गोष्ट

शाळांचे प्रकार सांगताना आपण सरकारी आणि खासगी असे दोनच सांगतो. महाराष्ट्रात तिसरा प्रकार फार मोठा आहे: अनुदानित. इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार सरकारचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्या परंपरेने खेड्यापाड्यांत माध्यमिक शिक्षण पोचवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे मात्र साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शिक्षण संस्था ही चार भावंडं एकाच वाड्यात नांदू लागली.

पगाराचा बोजा वाढला तसं सरकारने २००१च्या सुमाराला नव्या शाळांना परवानगी देताना एक शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली: 'कायम विनाअनुदानित'. म्हणजे कधीच अनुदान मागणार नाही. संस्थाचालकांनी सह्या केल्या, शाळा निघाल्या, शिक्षक नाममात्र पैशांत किंवा फुकट राबू लागले. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर. आशा खोटी नव्हती. २००९ साली, विधानसभा निवडणुकीच्या आधी, 'कायम' हा शब्द काढला गेला. मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पे आले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर उपोषणं. दहा-पंधरा वर्षं विनापगार शिकवून चाळिशी ओलांडलेली माणसं तिथे तंबूत बसलेली असत. ज्या राज्यात 'कायम' एवढा लवचीक आहे, तिथे बाकीच्या विशेषणांचं काय सांगावं!

६. बारा मुलांची शाळा

आता हिशेबनिसाच्या खुर्चीत बसू. समजा एका वाडीतल्या शाळेत १२ मुलं आणि दोन शिक्षक आहेत. सोपं गणित म्हणून प्रत्येकाचा पगार महिन्याला ६० हजार धरू. वर्षाचे झाले १४ लाख ४० हजार. भागिले १२, म्हणजे मुलामागे १ लाख २० हजार. तेच दोन शिक्षक ६० मुलांना असतील, तर मुलामागे २४ हजार. शिक्षक तेच, पगार तोच, शिकवणंही तेच. बदलला फक्त छेद. अर्थखात्याच्या फायलीत पहिली शाळा डोळ्यांत खुपते ती यामुळे.

आता खरे आकडे घ्या. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. सरासरी काढली तर शाळेत साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा विचार त्या सप्टेंबरात पुढे आला, नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही नमुन्यादाखल नावं दिली गेली. त्याआधी २०१७ साली दहापर्यंत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय गाजला होताच.

बंद करणाऱ्यांची बाजू अगदी पोकळ नाही. पाच वर्गांत मिळून बारा मुलं असतील, तर चौथीतल्या एकुलत्या मुलाला कुणाशी भांडायचं आणि कुणाची वही बघून लिहायचं? मोठ्या शाळेत मैदान, ग्रंथालय, विषयाला वेगळा शिक्षक मिळू शकतो. पण सरासरीत ओढा दिसत नाही. पानशेतसारख्या मावळी मुलखात नकाशावरचा दीड किलोमीटर जुलैत ओढा भरला की चार किलोमीटर होतो. बस वेळेवर आली नाही तर पहिल्या आठवड्यात मुलगा चालत जातो आणि मुलगी घरी राहते. शिवाय यांतल्या कित्येक शाळा मुळात वस्तीशाळा होत्या, मोठ्या शाळेत मुलं पोचत नाहीत म्हणूनच काढलेल्या. ज्या कारणासाठी जन्म, तेच आता मरणाचं कारण.

७. मत कुणाचं?

हे सगळं निवडणुकीत का येत नाही? थोडंसं येतं, पण तिरकं. विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात जागा आहेत. सामान्य समजूत अशी, की त्या सगळ्या शिक्षकांच्या. राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदात मात्र माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेतले शिक्षक, असे शब्द आहेत. म्हणजे पहिलीला बाराखडी गिरवून घेणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही. सभागृहात अनुदानाचे टप्पे वारंवार घुमतात आणि बारा मुलांची वाडी त्या मानाने कमी, याचं एक कारण इथे असावं, असं मला वाटतं.

जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, असं म्हणावं तर १९६२पासून चालत आलेल्या या संस्थांपैकी बहुतेकींवर मार्च २०२२नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होते. शिक्षण समितीला जाब विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता. त्यातून अभ्यासक्रम शालेय शिक्षण विभागाचा आणि या शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण ग्रामविकास विभागाचं. एका बैलाला दोन धनी.

आवाज उठतो तो दिसणाऱ्या गोष्टीवर. एप्रिल २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा राज्य ढवळून निघालं आणि २९ जूनला सरकारला त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. भाषेचा प्रश्न मोठाच होता. पण तिसरी भाषा कोणती यावर घसा फोडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं, की अनेक गावांत पहिली भाषा शिकवायलाही एकाच माणसावर पाच वर्ग सोपवलेले आहेत?

८. मग दुसरं काय मोजायचं?

इथे हुशार वाचक म्हणेल, डोकी मोजू नका, शिकलेलं मोजा. मुलं वाचायला शिकली तर पैसे, नाहीतर नाही. हा प्रयोग होऊन गेला आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर येई, मुलांची परीक्षा घेई, उत्तीर्णांवर रक्कम ठरे. फुल्यांनी त्याच १८८२च्या निवेदनात सांगितलं, की जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही अशा गरीब समाजाला ही पद्धत बिलकूल मानवणारी नाही. कारण उघड आहे. निकालावर पोट असेल तर शिक्षक हुशार मुलं वेचून घेईल आणि अडखळणाऱ्याला दारातच अडवेल.

आपल्या काळातही मोजणी झालीच. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५पासून होते. तिचे स्वयंसेवक शाळेत न जाता मुलांच्या घरी जातात आणि पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचायला देतात. बरीच मुलं अडतात. जून २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात मूल शिकतंय का हे बघण्याचा प्रामाणिक हेतू होता. काही शाळा खरंच बदलल्या. काही ठिकाणी शाळा 'प्रगत' घोषित करण्याची घाई झाली आणि चाचणीच्या तक्त्यांचं तेच झालं जे पटाचं झालं होतं.

आणि चांगलं शिकवलं तर मुलं आपसूक येतात का? येतात. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. तिचा पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता, कुलूप लागण्याच्या बेतात होती. शिक्षक आणि गावकरी मिळून कामाला लागले, पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिला लोकपसंतीचा मान मिळाला. पण तो पट कुठून आला? आजूबाजूच्या शाळांतूनही. मोटेत पाणी भरलं याचा आनंद खरा, विहीर मात्र तीच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच ओट्यावरचे वडील शाळेत येतात. थोरल्याचा दाखला हवा आहे, मोठ्या गावात खोली घेतली आहे. कायद्याचं पाचवं कलम सांगतं, की दाखला ताबडतोब द्यायचा, टाळाटाळ केली तर कारवाई मुख्याध्यापकावर. गुरुजी जनरल रजिस्टर काढतात, नाव शोधतात, 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'पालकांचे स्थलांतर' लिहितात. सही, शिक्का. बाई खिडकीपाशी बसून धाकटीचं नाव पहिलीच्या हजेरीवर चढवत असतात. पट साठच राहिला की एकसष्ट झाला, हे वडिलांना ठाऊक नसतं. ते दाखल्याची घडी घालून खिशात ठेवतात आणि विचारतात, "बाई, मग धाकटीला सोमवारपासून पाठवू ना?"